सी, जी आणि ई: तीन पट्ट्यांच्या बासऱ्या वर्षभर वाजवल्यावर

माझ्याकडे तीन बासऱ्या आहेत: पांढरी एकची मीडियम, पांढरी पाचची बेस आणि पांढरी तीनची बेस. दुकानात यांनाच सी मीडियम, जी बेस, ई बेस म्हणतात. (पांढरी-काळी म्हणजे पेटीवरची पट्टी, जिच्या सुरावर सा धरायचा; बेस म्हणजे खालच्या आवाजाची लांब बासरी, मीडियम तिच्याहून छोटी.) वर्षभर तिन्ही आलटून पालटून वाजतायत, घरी रियाजाला, भजनी मंडळात पेटीबरोबर आणि अधूनमधून बहिणीच्या गाण्याला. कोणती कशी निघाली ते पुढे लिहितोच, पण आधी पट्टी ओळखण्याचं बघू. घेताना सगळा घोळ तिथेच होतो.

आपल्या हिंदुस्थानी बासरीची पट्टी वरची तीन भोकं झाकून निघणाऱ्या स्वरावरून ठरते. तो सा. दोन झाकली की रे, एक झाकलं की ग, पहिलं अर्धं झाकलं की शुद्ध म आणि सगळी मोकळी सोडली की तीव्र म. खाली जाताना चार झाकून नी, पाच झाकून ध, सहाही झाकून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम. म्हणजे ईची बासरी सगळी झाकून फुंकली तर मोबाईलवरचा ट्यूनर 'बी' दाखवणार, आणि नवखं गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडणार की मला भलतीच दिलीत. बासरी बरोबरच असते.

गंमत अशी की आयरिश फ्लूट आणि टिन व्हिसललाही सहाच भोकं, पण तिथे नाव पडतं ते सगळी झाकून येणाऱ्या स्वराचं. त्यालाही कारण आहे. सहा झाकून तिथून एकेक बोट उचलत गेलं तर आपले प ध नी सा रे ग आणि तीव्र म वाजतात, आणि पंचमालाच सा धरलं तर तेच सात स्वर अख्खं शुद्ध सप्तक होतात. अर्धं भोक कुठेच लागत नाही. म्हणून त्यांची डी ती आपली जी. परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून विकणारे काही जण आपल्या बांबूच्या बासरीवरही त्यांच्या पद्धतीनं अक्षर टाकतात. मी जी बेस ऑनलाइन मागवली तेव्हा यादीत तिच्यापुढे 'डी' लिहिलं होतं. फोन करून एवढंच विचारलं, "तीन बोटं ठेवल्यावर काय वाजतं?" पलीकडच्याला प्रश्नच कळेना. शेवटी त्यानं कारागिराला फोन दिला आणि अर्ध्या मिनिटात काम झालं. तुम्हीही हेच विचारा. "स्केल कोणता?" विचारून काही हाती लागत नाही, कारण ते यादीत आधीच लिहिलेलं असतं. दाक्षिणात्य वेणूला मात्र हा हिशेब लावू नका, तिला आठ भोकं आणि बोटं वेगळी.

दुसरा घोळ सप्तकाचा. जी बेस आणि जी स्मॉल या दोघींचं अक्षर एकच, पण आवाजात एका सप्तकाचं अंतर. इथे लांबी कामाला येते. सी मीडियम साधारण अठरा-एकोणीस इंच, जी बेस चोवीसच्या आसपास, ई बेस तीस इंचाला टेकलेली. पण एवढ्या ढोबळ फरकापुरतीच लांबी पाहायची. ई आणि एफमधला फरक लांबीवरून सांगू नये, कारण शेवटच्या भोकापुढे कुणी किती शेपूट ठेवतं आणि नळी आतून किती रुंद आहे यावर ती बदलते.

दुकानात तपासताना आधी विकणाऱ्याला वाजवायला लावा आणि ट्यूनर तेव्हाच बघा. नवख्याची फुंक हलकी असते, ओठ भोकावर जास्त येतो, आणि चांगली ईची बासरीही अर्ध्या सुरानं उतरलेली दिसते. मग त्याच तीन बोटांवर मध्य सा आणि जोर देऊन तार, म्हणजे वरच्या सप्तकातला, सा, दोन्ही लागोपाठ वाजवून घ्या. तार सा उतरत असेल तर बासरी ठेवून द्या. दोन्ही पंचमही ऐका, म्हणजे सहा झाकून हलकी फुंक आणि मग जोराची. ट्यूनरवर सुराच्या पाच-दहा सेंट इकडेतिकडे चालतं, शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. पण चढी आणि उतरलेली यातली एक निवडायची वेळ आली तर किंचित चढी घ्या. चढलेली बासरी ओठाकडे जराशी वळवली की उतरते. उतरलेली चढवताना मात्र फुंक मारून मारून दम जातो.

हे मला नाशिकच्या थंडीनं पटवलं. कार्तिकात पहाटेच्या काकड्याला देवळात बसलो की जी बेस पेटीच्या खाली जायची. दोघांनी एकच सा धरला की मध्ये स्वच्छ थरथर ऐकू येते. हवा गार असली की नळीतला आवाज उतरतो, अंशामागे जवळपास तीन सेंट, आणि पेटीतल्या सूर देणाऱ्या पत्त्या तशा उतरत नाहीत. दहा मिनिटं नुसती फुंकून नळी गरम केली की बरंच सावरतं, पण दोन अभंगांच्या मधे खाली ठेवली की पुन्हा गार. आता मधल्या वेळात ती शालीत असते. शिवाय मंडळाची पेटी जुनी आहे आणि तिची पांढरी पाच ट्यूनरवरच्या जीला तंतोतंत मिळत नाही. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर त्या पेटीचा सा मोबाईलवर रेकॉर्ड करून दुकानात न्या आणि त्याच्यासमोर बासरी लावून बघा. ट्यूनरपेक्षा हे भरवशाचं.

आता एकेक बासरी. सी मीडियम शिकायला उत्तम. भोकं जवळ, फुंक कमी लागते, लहान हातांनाही जमते. पण सोबतीला निरुपयोगी, माझ्या ओळखीत पांढरी एकवर गाणारं कुणी नाही आणि आवाजही वरचा, टोचरा. सहा महिन्यांनी ती भाच्याकडे गेली असती, पण प्रवासात पिशवीत मावते म्हणून राहिली.

जी बेस सगळ्यात जास्त वाजली. आमचं मंडळ पांढरी पाचला म्हणतं, त्यामुळे सरळ सा धरून वाजवता येते. बहीण काळी पाचला गाते, तिथे मात्र ही चालत नाही. अर्ध्या भोकांची कसरत करून एखादं पद निभतं, मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला गेलं की पितळ उघडं पडतं. गायिकेच्या सोबतीला वाजवणार असाल तर काळी चार-काळी पाचची वेगळी बासरी घ्यावीच लागते.

ई बेस ही मैफलीची बासरी. लांब बासरी मैफलीत रुजवली ती पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी, आणि आज पांढरी तीन ही वादकांची नेहमीची पट्टी आहे. आवाज भरीव, मंद्रातला पंचम लागला की छातीत घुमतो. पण तो लागायलाच मला काही महिने गेले. बोटांच्या टोकांनी ही झाकली जात नाही, पेरांनी झाकावी लागते, आणि उजव्या हाताची अनामिका शेवटच्या भोकावर सुरुवातीला पोचतच नाही. पोचल्यासारखी वाटते, कडेनं हवा निसटते आणि पंचमाऐवजी नुसती फुसफुस. लहान पंजा असेल तर घेण्याआधी दुकानात सहाही भोकं झाकून पाहा. डावखुऱ्यांनी तर आधीच सांगावं, कारण बेसमध्ये शेवटचं भोक बऱ्याचदा हाताच्या सोयीनं बाजूला पाडलेलं असतं.

किमतीचं म्हणाल तर मीडियम हजाराच्या आत मिळाली, ई बेसला तिच्या चौपट मोजले. एवढा फरक निव्वळ कारागिरीचा नसतो, लांब, सरळ आणि दोन गाठींमध्ये पुरेसं अंतर असलेला बांबू कमीच मिळतो. उत्तर प्रदेशातलं पिलिभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध, तिथेही बांबू आसामहून येतो.

निगा थोडीच लागते. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर आतून फडकं फिरवायचं, नाहीतर बुरशी धरते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मोहरीचं तेल, आतून आणि बाहेरून, पण फुंकेच्या भोकाजवळच्या बुचाला धक्का न लावता. ते सरकलं तर वरच्या सप्तकाचा सूर बिघडतो. बासरी गाडीत ठेवून जाऊ नका. एप्रिलमध्ये माझ्या सी मीडियमला टोकाकडे केसाएवढी चीर गेली ती अशीच. दोऱ्याचे वेढे घट्ट मारून वर फेविकॉल लावला, आवाजात फरक नाही. चीर भोकापर्यंत गेली असती तर मात्र नवी घ्यावी लागली असती.

पुढची घेईन ती काळी पाचची.