विंचवाचं बिऱ्हाड की दोन दगडांवर पाय?

मे महिना आला की इंग्लंडमधले फुटबॉल क्लब कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याची यादी जाहीर करतात. सोडलेल्यांच्या नावाखाली शुभेच्छांची एक ओळ असते, आणि ३० जूनला करार संपतो. सोळाव्या वर्षी अकॅडमीत दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळवलेला मुलगा अठराव्या वर्षी या यादीत सापडला की त्याच्या घरात महिनाभर कोणी नीट जेवत नाही. मग नशीब बरं असेल तर दोन फोन येतात. एक लीग टूमधल्या, म्हणजे वरून चौथ्या पायरीवरच्या क्लबचा असतो: पूर्णवेळ खेळाडू, करार एका वर्षाचा. दुसरा सहाव्या पायरीवरच्या, नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमधल्या क्लबचा. तिथे मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, बाकी दिवस नोकरी करा नाहीतर शिका.

पाचवी पायरी, म्हणजे खुद्द नॅशनल लीग, मी मुद्दाम वगळतोय. तिथले बहुतेक क्लब आता पूर्णवेळ झाले आहेत, त्यामुळे तिथला करार पहिल्या फोनसारखाच समजावा.

पहिली वाट विंचवाची. बिऱ्हाड पाठीवर. लीग टूमध्ये २४ संघ, म्हणजे हंगामात ४६ सामने, वर कप स्पर्धा. बॅरोहून जिलिंगहॅमला जायचं तर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बसने सहा-सात तास. पण खरा त्रास बसचा नाही, तारखांचा आहे. घरभाड्याचा करार बारा महिन्यांचा, आणि जानेवारीत मॅनेजर बदलला की नवा मॅनेजर तुम्हाला दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या क्लबाकडे कर्जाऊ पाठवतो. असं पाच-सहा वेळा झालं की खेळाडूच्या नावापुढे डझनभर क्लब जमा होतात आणि लोक त्याला भटक्या म्हणू लागतात. त्यातले निम्मे बदल त्याने मागितलेलेच नसतात.

आदेबायो अकिनफेन्वा हे या वाटेचं सगळ्यात बोलकं उदाहरण. सुरुवात लिथुआनियात, मग वेल्समध्ये बॅरी टाउन, मग बोस्टन, टॉर्की, स्वॉन्सी, नॉर्दॅम्प्टन, जिलिंगहॅम... सगळी नावं लिहिली तर हा परिच्छेद रेल्वेचं वेळापत्रक होईल. मे २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याने एएफसी विम्बल्डनसाठी पेनल्टी मारली, संघ लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, चढला, आणि लगेच टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने सांगितलं की आपण आता तांत्रिकदृष्ट्या बेरोजगार आहोत, कुणा मॅनेजरला हवं असेल तर व्हॉट्सॲप करा. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. चौतिशीतला माणूस, संघाला नुकतंच वर नेलेलं, आणि पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार याचा पत्ता नाही. पुढे वायकमने त्याला घेतलं, तिथे तो सहा वर्षं टिकला आणि २०२० मध्ये चॅम्पियनशिपपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, पोचला.

मात्र अकिनफेन्वा, किंवा रिकी लॅम्बर्ट, ही नावं पुढे करून कोणी तुम्हाला पहिली वाट विकत असेल तर सावध राहा. लॅम्बर्टला लिव्हरपूलने पंधराव्या वर्षी सोडलं. हातात करार नसताना तो बीटरूटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, साउथॅम्प्टन असा फिरत फिरत ऑगस्ट २०१३ मध्ये तो इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध उतरला आणि चेंडूला पहिलाच स्पर्श केला तो गोलच झाला. सुंदर गोष्ट आहे. पण ती आपल्याला माहीत आहे, कारण अशी गोष्ट क्वचित घडते.

अधिक खरं उदाहरण मॅल्विंड बेनिंगचं. पंजाबी कुटुंबातला, वेस्ट ब्रॉमिचचा मुलगा, डाव्या बाजूचा बचावपटू. वॉल्सॉल, मग मॅन्सफील्डमध्ये सहा वर्षं, २०२१ मध्ये पोर्ट व्हेल, नंतर श्रूजबरी. मे २०२२ मध्ये वेम्बलीवर लीग टूचा प्ले-ऑफ फायनल, म्हणजे वर कोण चढणार हे ठरवणारा सामना, झाला, समोर त्याचाच जुना क्लब मॅन्सफील्ड. पोर्ट व्हेल ३-० ने जिंकलं आणि तिसरा गोल बेनिंगचा. घरोघरी माहीत व्हावं असं नाव नाही, पण तो वर्षानुवर्षं या खेळावर जगला. पहिली वाट चांगली गेली तर साधारण अशी जाते. मुलाला लॅम्बर्ट व्हायचं असेल तर असू द्या, आई-वडिलांनी मात्र बेनिंगचा हिशेब मांडावा.

आणि वाईट गेली तर? बरी हा क्लब एप्रिल २०१९ मध्ये लीग वनमध्ये चढला आणि त्याच ऑगस्टमध्ये लीगमधून हाकलला गेला. पगार थकलेच होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मॅकल्सफील्ड टाउन कोर्टाच्या आदेशाने गुंडाळला गेला, तिथेही पगाराची तीच रड. खेळाडूचा यात काडीचा दोष नव्हता. म्हणून करार वाचताना आकड्याच्या आधी क्लबचा मालक कोण आणि गेल्या वर्षी पगार वेळेवर झाले का, हे विचारा. ड्रेसिंग रूममधल्या कुणालाही विचारलं तरी खरं उत्तर मिळतं.

आता दोन दगडांवर पाय. मराठीत आपण हे वाईट अर्थाने म्हणतो, पण सहाव्या पायरीवर दोन्ही दगड लागतात. इथला मुलगा दिवसा इलेक्ट्रिशियनचं काम शिकतो, शाळेत पीटी घेतो किंवा कॉलेजात जातो. हातात येणारी रक्कम दोन ठिकाणची मिळून लीग टूच्या नवख्या पोराच्या पगाराला गाठू शकते, कधी ओलांडूही शकते. बिऱ्हाड हलत नाही. करार नसलेल्या खेळाडूला दुसऱ्या क्लबने त्याच्या क्लबला सात दिवसांची नोटीस देऊन विचारलं की तो जाऊ शकतो, म्हणजे वरची दारंही बंद नसतात. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलं. तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडे आठवड्याला ३० पौंडांवर खेळत होता आणि दिवसा कारखान्यात वैद्यकीय उपकरणं बनवत होता. मग हॅलिफॅक्स, फ्लीटवुड, २०१२ मध्ये लेस्टर आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. अर्थात वार्डीलाही लॅम्बर्टच्याच खणात ठेवा.

या वाटेचं दुखणं वेगळं आहे. दिवसभर शिडीवर चढून संध्याकाळी सरावाला जायचं, मंगळवारचा लांबचा सामना खेळून रात्री एकला घरी यायचं, सहाला पुन्हा उठायचं. शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. घोटा मुरगळला तर दोन्ही पगारांवर गदा येते, कारण प्लॅस्टरिंग करणाऱ्यालाही घोटा लागतो. लीग टूमध्ये निदान फिजिओ रोज भेटतो आणि उपचाराची जबाबदारी क्लब घेतो. याबाबतीत पहिला फोन निर्विवाद वरचढ आहे.

पायरी खाली म्हणजे प्रगती खाली, हा हिशेबही फसवा आहे. पॉल मलिनने २०२०-२१ मध्ये केंब्रिजसाठी लीग टूमध्ये ३२ गोल केले. केंब्रिज वर चढलं, आणि तो मात्र तीन वर्षांच्या करारावर पाचव्या पायरीवरच्या रेक्सहॅमला गेला. लिव्हरपूलजवळचं त्याचं घर तिथून जवळ, पगारही चांगला. २०२३ मध्ये रेक्सहॅम वर चढलं, २०२४ मध्ये पुन्हा. तीन वर्षांचा करार आणि घर जवळ, या दोन गोष्टी लीगच्या नावापेक्षा मोठ्या ठरल्या. रेक्सहॅमसारखे हॉलिवूडमधले मालक सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, हे खरंच.

मला विचाराल तर माझा कौल करार किती वर्षांचा यावर. लीग टूचा क्लब दोन वर्षं देत असेल आणि मुलाच्या जागेवर आधीच दोन अनुभवी खेळाडू बसलेले नसतील, तर डोळे झाकून जा. अठरा ते वीस ही वर्षं परत येत नाहीत, आणि रोजच्या सरावाने जे अंगात येतं ते गुरुवारच्या दीड तासात येत नाही. करार एकच वर्षाचा, वर मॅनेजरची खुर्ची डळमळीत असेल, तर मी दुसरा फोन घेईन. सहाव्या पायरीवर दर शनिवारी नव्वद मिनिटं मोठ्या माणसांशी धक्काबुक्की करत खेळणारा मुलगा बाकावर बसलेल्या व्यावसायिकापेक्षा लवकर तयार होतो. लीगचे क्लबसुद्धा आपली तरुण पोरं याच मैदानांवर कर्जाऊ पाठवतात, ते उगाच नाही.

एकाच क्लबात आयुष्य काढायची तिसरी वाट आहे का, असंही विचारतात. जॉन ट्रोलॉपने स्विंडनसाठी लीगचे ७७० सामने खेळले, आणि तो विक्रम मोडायला मिल्टन कीन्स डॉन्सच्या डीन लुइंग्टनला यावं लागलं. ती वाट खेळाडू निवडत नाही. क्लब, मॅनेजर आणि गुडघे मिळून ठरवतात.

पहिला फोन घेतलात तरी शिक्षणाचं दार उघडं ठेवा. खेळाडूंची संघटना, पीएफए, कोर्ससाठी मदत करते. सॅल्फर्ड विद्यापीठातून फिजिओथेरपी शिकलेले कितीतरी माजी खेळाडू आज मैदानाकडेच्या क्लबांच्या डगआउटमध्ये औषधांची पिशवी घेऊन बसलेले दिसतात. आणि घरभाड्याच्या करारात मध्येच सोडायची मुभा देणारं कलम घालून घ्या. जानेवारीत लागतं.