स्ट्रॉ की चूळ? सरबतांच्या दिवसांत दात जपताना

मार्च सरला की सांगलीच्या उन्हात सरबताशिवाय भागत नाही. घरात लिंबू आणि कोकम, आणि विश्रामबागेतून परतताना रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. गेल्या उन्हाळ्यात माझे दात एवढे आंबायला लागले की माठातलं पाणीही सहन होईना. दंतवैद्यांनी पाहून सांगितलं, पुढच्या दातांच्या कडा झिजून पातळ झाल्यात. पहिलीतल्या लेकीच्या दुधाच्या दाढांवरही झीज दिसत होती. दुधाच्या दातांचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, आपल्यापेक्षा बरंच पातळ असतं. आणि झिजलेलं एनॅमल कुणाचंच पुन्हा वाढत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात.

सरबत बंद करणं आमच्याकडे जमणारं नव्हतं. मग वाटा उरल्या दोन: स्ट्रॉने प्यायचं, किंवा नेहमीसारखं पिऊन लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. आधी महिनाभर आम्ही स्ट्रॉ वापरली.

स्ट्रॉमागचा विचार चुकीचा नाही. टोक जिभेवर जरा आत ठेवलं तर आंबट पाणी पुढच्या दातांना फारसं न लागता घशाकडे जातं. मोठ्या माणसाला हे जमतं. लेकीला नाही जमलं. ती टोक ओठांतच धरायची, त्यामुळे प्रत्येक घोट थेट दातांवर. तेही शिकवता आलं असतं, पण मला खरा वैताग आला तो कागदाचा. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, म्हणून आणल्या कागदी. लिंबू सरबतात त्या थोड्याच वेळात मऊ पडायच्या, लेक टोक चावून चपटं करायची, मग दुसरी हवी. जो पेला पूर्वी पाच मिनिटांत संपायचा, तो अर्धा-पाऊण तास पुरायला लागला.

आणि दातांना नडतो तो हा वेळच. तोंडातला सामू (pH, हा आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळून आणते, पण तेवढ्यात पुढचा घोट आला की तिचं काम पहिल्यापासून सुरू. ज्या स्ट्रॉने दात वाचवायचे, तीच आमच्या घरी सरबत लांबवत होती. स्टीलचीही आणून पाहिली. आत अडकलेला लिंबाचा गर काढायला वेगळा ब्रश लागतो, आणि तोंडात स्टीलची नळी धरून पोर पळालं की माझ्या जिवात जीव राहत नाही.

चुळीला काही विकत आणावं लागत नाही. सरबत जेवणासोबत किंवा एका बैठकीत संपवायचं, वर फुलपात्रभर पाणी. लहान पोराने ते पाणी गिळलं तरी बिघडत नाही. अडचण एकच, आठवण ठेवावी लागते. आम्ही सरबताच्या ट्रेमध्येच पाण्याचा पेला ठेवायला लागलो, तेव्हा ती सवय बसली.

ब्रश मात्र लगेच नको. आम्लाने मऊ झालेला थर घासला की जास्त निघतो. मी सकाळी लिंबू-मध-पाणी घेऊन लगेच ब्रश करायचो, माझं बरंचसं नुकसान तिथेच झालं असावं. आता आधी ब्रश करतो, आणि सरबतानंतर घासायचं असेल तर तासभर थांबतो. फ्लोराइडची पेस्ट दोन्ही वाटांना लागतेच. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. आणि दुपारी शक्य तेव्हा ताक. तेही आंबट, पण त्यात कॅल्शियम असतं, त्यामुळे दातांना ते बरंच सौम्य.

यंदा माझे दात आंबणं खूप कमी झालंय. श्रेय चुळीचं की लिंबू-मधाची वेळ बदलल्याचं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण घरात लहान मूल असेल, तर मी चुळीपासूनच सुरुवात करायला सांगेन.

उरलेल्या स्ट्रॉ आईला दिल्या. तिच्या पुढच्या दातांची मुळं उघडी पडली आहेत, तो भाग एनॅमलपेक्षाही लवकर विरघळतो. ती टोक नीट आत धरते आणि कागद मऊ पडायच्या आत पेला संपवते. तिच्यासाठी स्ट्रॉच बरी.