क्योतोत मुक्काम करावा की नारात?

मुलगी नागोयाला नोकरीला लागल्यापासून आमचं दोनदा जपानला जाणं झालं, आणि दोन्ही वेळा तीन रात्री जुन्या राजधान्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. पहिल्यांदा क्योतोत राहिलो आणि नारा एका दिवसात उरकलं. दुसऱ्यांदा उलटं केलं. नारात राहून क्योतोला ये-जा केली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन येतोच, 'हॉटेल कुठे बुक करू?' दर वेळी तेच दळण दळण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

व्हिसा, सिमकार्ड, बुलेट ट्रेन वगैरे तुम्ही वाचूनच आला असाल, त्यात शिरत नाही. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. पहिली फेरी नोव्हेंबरअखेरची, म्हणजे मेपल लाल होतात त्या ऐन गर्दीतली. दुसरी डिसेंबरच्या मध्यातली. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यात क्योतोवर थोडा अन्याय होणार, तेवढा वजा करून वाचा. दोन्ही वेळा माणसं तीच: मी, बायको, मुलगी आणि आई. आई त्र्याहत्तरची. एक गुडघा बरा, दुसरा लहरी.

क्योतोची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. 794 पासून हजारभर वर्षं सम्राटाची राजधानी असलेलं हे शहर. युनेस्कोच्या यादीत क्योतो आणि आसपासची 17 ठिकाणं एकाच नोंदीत आहेत. तीन दिवसांत त्यातली पाच-सहा नीट झाली तरी खूप. आम्ही कियोमिझू देवळाचा लाकडी सज्जा पाहिला. तेरा मीटर उंचीवर खांबांच्या आधाराने उभा, जोडकामात खिळा नाही. निजो किल्ल्यातली पाय ठेवला की चिवचिवणारी जमीन पाहिली. र्‍योआनजीतली पंधरा दगडांची बाग पाहिली (नावाच्या शेवटी 'जी' आलं की देऊळ समजा). कुठेही बसा, एक तरी दगड नजरेआड राहतोच. आई तिथे बराच वेळ बसली आणि शेवटी म्हणाली, "आपल्या सिंहगड रोडच्या ओकायामा बागेत निदान पाणी तरी आहे." किंकाकुजीचं सोन्याचं देऊळ तिला मनापासून आवडलं. 1950 मध्ये ते जळालं आणि आत्ताचं 1955 चं आहे, हे मी सांगितलं तेव्हा ती जरा नाराज झाली. माझीच चूक. काही गोष्टी परतीच्या विमानात सांगाव्यात.

संध्याकाळी क्योतो नाराला सरळ सरळ मात देतं. कामो नदीचा काठ, पोन्तोचोची चिंचोळी गल्ली, रात्री उशिरापर्यंत उघड्या खानावळी. शाकाहाऱ्याचीही तिथे सोय होते. बौद्ध मठातलं शोजिन जेवण मिळतं, नानझेनजीच्या आसपास गरम पाण्यातला तोफू मिळतो, काहीच नाही जमलं तर भारतीय हॉटेल आहेच. अर्थात दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी, कशात आहे आणि कशात नाही हे विचारावं लागतंच.

मग अडलं कुठे? बसमध्ये.

क्योतोला भुयारी रेल्वे आहे, पण मार्ग दोनच: एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. देवळं मात्र शहराच्या कडेकडेने, डोंगराच्या पायथ्याशी. किंकाकुजीला तर दारापर्यंत कुठलीच रेल्वे जात नाही. म्हणजे बस. शहराच्या मुख्य भागात भाडं कुठेही उतरा, 230 येन. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. पेटी सुटे परत देत नाही, नोट असेल तर आधी शेजारच्या यंत्रात मोडून घ्यायची. कागदावर यात वावगं काहीच नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. किंकाकुजीहून परत निघालो तेव्हा थांब्यावर रांग. दोन बस भरलेल्या म्हणून न थांबता गेल्या. तिसरीत मागून चढलो आणि तिथेच रुतलो. आपल्याकडे अशा वेळी "अहो सरका की जरा पुढे" म्हणून वाट काढता येते. तिथे सगळे गप्प. कुणी ढकलत नाही, कुणी बोलत नाही, आणि निम्म्या लोकांकडे माझ्या छातीएवढ्या ट्रॉली बॅगा. आईने भाड्याचं कार्ड घेतलं नव्हतं. तिला नाणी मोजून द्यायला आवडतात. दोन शंभराची आणि तीन दहाची नाणी तिने चार थांबे आधीपासून मुठीत धरली होती. आमचा थांबा आला. मुलीने शिकवलेलं "सुमिमासेन, सुमिमासेन", म्हणजे 'माफ करा', म्हणत आई पुढे सरकायला लागली. तेवढ्यात कुणाच्या तरी बॅगेला हात लागला आणि मूठ सुटली. चार नाणी लोकांनी वाकून वाकून, दोन्ही हातांनी परत आणून दिली. पाचवं, दहा येनचं, सीटखाली गेलं ते गेलंच. या गडबडीत थांबा मागे पडला. पुढच्या थांब्यावर उतरून सगळे परत चालत आलो. आईचा गुडघा त्या रात्री बोलायला लागला.

यात दोष कुणाचा म्हणावा? चालक अदबीने वागला, लोकही. गर्दी आमच्यासारख्यांचीच होती. पण त्यानंतर आई बसमध्ये पाय ठेवीना. उरलेले दिवस मीटरकडे बघायचं नाही असं ठरवून टॅक्सीने फिरलो. हल्ली भुयारी रेल्वे आणि बस मिळून दिवसाचा पास 1100 येनला मिळतो. तो घ्या, सुट्यांची कटकट सुटेल. बसमधली जागा मात्र त्या पासात येत नाही.

दुसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, नारात राहू. तिथे बसच लागत नाही." हे जवळजवळ खरं निघालं.

नारा क्योतोच्याही आधीची राजधानी, 710 ते 784. नंतर सत्ता निघून गेली आणि गाव मागे राहिलं, तेच आता प्रवाशाच्या पथ्यावर पडतं. किंतेत्सू रेल्वेच्या नारा स्टेशनावरून बाहेर आलं की पाच मिनिटांत कोफुकुजी, वीसेक मिनिटांत तोदाइजी, तिथून झाडीतून रमतगमत कासुगा देवस्थान. सगळं पायी. मध्ये बाकं आहेत, तळं आहे. आणि हजाराच्या वर हरणं आहेत, ती रानटीच, पण देवाचे दूत मानलेली. बिस्किटासाठी मान लववतात. बिस्किट संपलं की कोटाचा खिसा ओढतात. खिशात कागद असेल तर तोही खातात. आमचा नकाशा एकीने अर्धा खाल्ला. कोफुकुजीचा पाचमजली मनोरा सध्या दुरुस्तीसाठी झाकलेला आहे आणि ते काम काही वर्षं चालणार आहे. फोटोसाठी जाणार असाल तर हे मनाशी धरून जा.

दिवसभरात येऊन जाणाऱ्याला नारा दिसतं, पण दहा ते चारमधलं. तेव्हा तिथेही जत्राच असते. आम्हीही पहिल्यांदा तेवढंच पाहिलं होतं आणि 'बरं आहे' म्हणून निघालो होतो. मुक्कामाला असलं की सकाळी आठला तोदाइजीच्या दारात उभं राहता येतं. हिवाळ्यात ते आठला उघडतं, उन्हाळ्यात साडेसातला. आत पंधरा मीटर उंचीचा ब्राँझचा वैरोचन बुद्ध आणि आमच्याखेरीज मोजून सात-आठ माणसं. 752 मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी झाला तेव्हा कुंचला धरला होता बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. तो 736 मध्ये चीनमार्गे इथे पोचला होता. कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या, जमलेल्या लोकांनी त्या धरल्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांच्या वाट्याला. तो कुंचला आणि ती दोरी शोसोइन भांडारात अजून जपून ठेवली आहे. हे मी आईला मूर्तीसमोरच सांगितलं, या वेळी वेळ बरोबर साधली. तिने चपला काढायला जागा शोधली. चपला काढाव्या लागत नाहीत म्हटल्यावर तिला चुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी निगात्सुदो मंडपात जा. तोदाइजीच्या मागे टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, पण सावकाश जमतात. अंधार पडल्यावरही वर सज्जात जाता येतं आणि पैसे लागत नाहीत. कंदील लागलेले, खाली शहराचे दिवे, मध्ये तोदाइजीचं काळं छप्पर. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इथे मोठाल्या पेटत्या मशाली याच सज्जातून फिरवतात आणि खाली पडणाऱ्या ठिणग्या अंगावर घ्यायला लोक गर्दी करतात. आम्ही डिसेंबरात होतो, त्यामुळे ठिणग्या नाहीत, थंडी भरपूर.

आता नाराचे तोटे. सहा-सातनंतर गाव झोपतं. पहिल्या रात्री बाजाराच्या छपराखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, एकामागून एक शटर खाली. शाकाहारी तर काहीच दिसेना. पानात गुंडाळलेली सुशी ही तिथली खासियत, पण आत मासा. शेवटी चोवीस तास उघड्या दुकानातून गरम करून मिळणारा भात घेतला आणि आईने पिशवीतून मेतकूट काढलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जेवणं क्योतोलाच उरकून येऊ लागलो. वीस-बावीस वर्षांची मुलं बरोबर असतील तर ती नारात दुसऱ्या रात्री कंटाळतील. हे मी कबूल करतो.

खोली मात्र बरी मिळाली. क्योतोत जेवढ्यात चौघांना दोन कोंदट खोल्या मिळाल्या होत्या, तेवढ्यात नारामाचीच्या जुन्या व्यापारी घरांच्या गल्लीत तातामीची, म्हणजे गवती चटया अंथरलेली, एक ऐसपैस खोली मिळाली. दारावर लाल कापडाची माकडं टांगलेली, पीडा घराबाहेर ठेवायला. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, मोसमाप्रमाणे भाव फिरतात.

आणि क्योतो? पाऊण तासात पोचता येतं, सातशे-आठशे येन. जेआरची (जपान रेल्वे) आणि किंतेत्सूची अशा दोन गाड्या आहेत. जेआरची गंमत अशी की त्याच मार्गावर इनारी स्टेशन आहे, उतरलं की समोरच फुशिमी इनारीच्या लाल कमानी. जलद गाडी तिथे थांबत नाही, साधी पकडायची. आराशियामाला क्योतो स्टेशनात गाडी बदलून रेल्वेनेच जाता येतं. बस टाळून एवढं जमतं. न जमणारं एकच मोठं नाव, किंकाकुजी. पहिल्यांदाच जात असाल आणि सोन्याचं देऊळ पाहिल्याशिवाय घरी तोंड दाखवता येणार नसेल, तर एक टॅक्सी करा.

उलट्या दिशेला, नाराहून रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर होर्‍यूजी आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत. तिथल्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याशी करतात. 1949 च्या आगीत ती करपली आणि पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला. क्योतोत राहून इथवर कुणी सहसा येत नाही. पद्मपाणी डोळ्यांत साठवलेल्या माणसाने यावं.

ओसाका स्वस्त पडतं म्हणून तिथे राहणारेही पुष्कळ आहेत. खाण्यासाठी म्हणाल तर ठीक. जुनं जपान पाहायला जाऊन रात्री निऑनच्या पाट्यांखाली परतणं मला नाही पटलं.

तेव्हा जोडीने, तरुण वयात, पहिल्यांदाच निघाला असाल तर क्योतोतच राहा, फक्त भुयारी रेल्वेच्या स्टेशनला खेटून हॉटेल घ्या. घरातलं वडीलधारं कुणी बरोबर असेल, किंवा सकाळी लवकर उठणारे असाल, तर मी आपला नारा म्हणेन. एखादी रात्र वाढवता आली तर क्योतोला द्या, मीही पुढच्या वेळी तसंच करीन बहुधा.

आमचा शेवटचा दिवस उजीत गेला. नारा-क्योतो मार्गावरच आहे, जलद गाडी थांबते. तिथल्या ब्योदोइनचा 1053 सालचा फिनिक्स मंडप तळ्यात उलटा दिसत होता. मुलीने आईच्या हातावर दहा येनचं नाणं ठेवलं, त्यावर तोच मंडप कोरलेला. आईने नाणं डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं, समोरच्या छपराशी ताडून पाहिलं.

"बसमध्ये हरवलं ते हेच का गं?" म्हणाली, आणि कमरेच्या बटव्यात टाकलं.