चार वेळा बिलात आलेला, एकदाही न बदललेला ड्रेन प्लग

होटगी रोडवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये 2021 ते 2024 या काळात मी गाडीचे ऑइल चार वेळा बदलून घेतले आणि चारही बिलांत ‘ड्रेन प्लग’ या नावाने 340 रुपये लावलेले होते, हे मला कळले ते अंगणातल्या शहाबादी फरशीवर तेलाचा डाग दिसल्यानंतर. तोवर मी बिलाचा फक्त शेवटचा आकडा पाहत असे. बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला हे सांगताना संकोच वाटतो.

ड्रेन प्लग म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरचा बोल्ट. जुने ऑइल काढताना तो सोडवायचा आणि ऑइल निथळले की पुन्हा आवळायचा. हा बोल्ट सहसा पोलादी असतो व नीट हाताळला तर वर्षानुवर्षे टिकतो. बदलावा लागतो तो त्याच्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर, कारण मऊ धातू एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा तेवढी घट्ट बैठक धरत नाही. काही मोटारींत वॉशर बोल्टलाच जोडलेला असतो किंवा बोल्टच प्लॅस्टिकचा असतो, आणि तेथे दर वेळी नवा बोल्ट घालणे योग्यच आहे. माझी गाडी त्यांतली नाही.

डाग दिसल्यावर मी अक्कलकोट रोडवरच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, चेंबर फडक्याने पुसले आणि मला खाली बोलावून बॅटरीचा उजेड बोल्टवर धरला. बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची रेघ होती आणि तिचाच उरलेला तुकडा चेंबरवर, जरा बाजूला सरकलेला. कारखान्यात बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून झाला की अशी खूण करतात. “मालक, बोल्ट कंपनीचाच हाय की. नवा घातला असता तर ही रेघ कुठनं आली असती?” वॉशरही मूळचाच होता, चपटा होऊन बोल्टला असा चिकटलेला की नखाने निघेना. त्यातून तेल पाझरू नये म्हणून दर सर्व्हिसला बोल्ट आणखी जोराने आवळला गेला असावा, असे त्यांचे म्हणणे पडले. चेंबर ॲल्युमिनियमचे असल्याने पोलादी बोल्टापुढे आटे चेंबरचेच गेले होते. वीस रुपयांचा वॉशर चार वेळा वाचवल्याचा हा परिणाम.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आधी उत्तर मिळाले, “सर, ते पॅकेजमध्येच येतं, सिस्टीम आपोआप लावते.” काढलेले जुने प्लग दाखवा म्हटल्यावर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. मूळ बोल्ट गाडीतच असताना चार जुने बोल्ट भंगारात कोठून गेले, हे मात्र मॅनेजरांना सांगता येईना. त्यांनी पुढच्या सर्व्हिसमध्ये सूट देऊ केली, ती मी नाकारली आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर 1,360 रुपये परत मिळाले.

ज्यांची गाडी सर्व्हिसला जाणार आहे त्यांनी काढलेले सुटे भाग परत हवेत असे जॉबकार्डवर सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे, आणि बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पत्नीची बाटली त्यासाठी मी वापरली, त्यावरून घरात ऐकावे लागले ते वेगळे.

चेंबरला नवे आटे बसवण्याचे 1,800 रुपये सर्व्हिस सेंटरने अजून दिलेले नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, म्हणून अर्ज लिहायला घेतला आहे. सोबत चार बिले, खड्ड्यातून काढलेले फोटो आणि तो पिवळ्या रेघेचा बोल्ट जोडणार आहे.