बारा सारखे खांब कातायचे आहेत: हात, सरकती पाटी की राऊटर?

जिन्याच्या कठड्याला बारा खांब, पलंगाला चार पाय, देव्हाऱ्याला दोन कातीव खांब. काम तेच, पण लाकडाच्या लेथला (लाकूड फिरवून कातायच्या यंत्राला) घरी डुप्लिकेटर, म्हणजे एकाच नमुन्यावरून सारखे नग कातायची जोडणी, बनवून जोडावा का, याचं उत्तर दर वेळी वेगळं. पर्याय तीन आहेत.

मापपट्टी आणि हात

सहा नगांपर्यंत डुप्लिकेटरच्या नादी लागू नका. त्याचं टेबल, हत्यार धरणारी सरकती पाटी आणि फर्मा (खांबाच्या आकाराचा कापलेला नमुना) जुळवेपर्यंत पलंगाचे चारही पाय हाताने कातून होतात. ६ मिमी प्लायची पट्टी घ्या. प्रत्येक मणी (गोल फुगवटा), गळा (खोलगट भाग) आणि खांदा (पायरी) जिथे येतो तिथे तिच्या कडेला व्ही खाच पाडा आणि शेजारी व्यास लिहा. गोल केलेलं लाकूड फिरत असताना पट्टी टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीवर) टेकवून खाचांतून पेन्सिल टेकवली की रेषा उमटतात. पार्टिंग टूल (अरुंद खाच पाडायचं हत्यार) आणि कॅलिपरने (व्यास मोजायच्या साधनाने) त्या रेषांवर व्यास उतरवा, शेवटच्या मापाहून १ मिमी जास्त ठेवा, मग पटाशीने आकार जोडा. रांगेत उभ्या खांबांत व्यासाचा १ मिमी फरक दिसत नाही. मणी ३ मिमी वरखाली झाला की मात्र लगेच खटकतो.

फर्म्यावरची सरकती पाटी

दहा-बाराच्या पुढे हीच घ्या. लेथच्या बेडवर (खालच्या आडव्या पायावर) १८ मिमी प्लायचं टेबल बोल्टने घट्ट बसवा. फर्मा लाकडाच्या खाली, टेबलावर पक्का करायचा. ७५ मिमी चौरस लाकडाचा कोपरा मध्यापासून ५३ मिमीपर्यंत जातो, म्हणून १२ मिमी जाडीच्या फर्म्यासाठी टेबल लेथच्या मध्यरेषेपासून ७५ मिमी तरी खाली हवं. पाटीला खालून सनमायका आणि थोडं मेण, वर १२ मिमी चौरस एमएस (माइल्ड स्टील) बार, बारच्या टोकाला १२ मिमी गोल कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे कापणारी कडक चकती. पाटी जड असू द्या, हलकी पाटी थरथरते.

सगळा खेळ दोन मापांचा आहे. पहिलं, फर्म्याला टेकणारी पिन इन्सर्टच्याच व्यासाची आणि बरोबर त्याच्या खाली हवी. पिन ८ मिमीची आणि इन्सर्ट १२चा असेल तर मणी बारीक उतरतात आणि गळे रुंद होतात. अमेरिकेत थॉमस ब्लँचार्डने १८१९ मध्ये बंदुकीच्या दस्त्यांसाठी नकल करणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं, त्यातही नमुन्यावर फिरणारं चाक आणि कापणारं चाक एकाच मापाचं होतं. दुसरं, इन्सर्टची धार नेमकी मध्यरेषेवर हवी. धार २ मिमी खाली गेली तर ८० मिमी व्यासावर फरक जेमतेम ०.१ मिमी पडतो, पण २० मिमीच्या गळ्याला तो ०.४ मिमी होतो. म्हणजे बारीक भागच जाड राहतात, आणि दोष उगाच फर्म्यावर जातो.

फिरतं लाकूड धारेला खाली दाबतं. बार २५ मिमीपेक्षा जास्त पुढे निघाला तर पाटी नाक टेकते आणि इन्सर्ट लाकडात घुसतो. आधी लाकूड हाताने गोल करा, मग एका फेरीत दीड-दोन मिमीच काढा, आणि नेहमी मोठ्या व्यासाकडून लहानाकडे या; उलट गेलात तर लाकडाचे तंतू उचकटतात. १२ मिमीहून अरुंद खाच या पाटीवर होणारच नाही. ती नंतर पटाशीने पाडा. टोकदार बिट लावून ती पाडायचा मोह होतो, पण त्याने सगळ्या अंगावर आटे पडल्यासारख्या रेघा उठतात.

पाटीवर राऊटर

पाटी तीच, बारच्या जागी ट्रिमर (लहान राऊटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र), त्यात गोल नाकाचा बिट, पिन बिटच्याच व्यासाची. बिट स्वतः कापत असल्याने लाकडावर दाब कमी पडतो, म्हणून बारीक, लांब खांबाला हा पर्याय चांगला. पण लेथ अगदी हळू फिरायला हवा. बेल्टचा सर्वात कमी वेगही बऱ्याच लेथांवर यासाठी जास्त असतो. मग लाकूड हाताने फिरवावं लागतं. धूळ तर प्रचंड. लेथचा वेग पुरेसा खाली येत नसेल तर ट्रिमरचा खर्च करू नका.

पाटी असो वा हात, खांबाची लांबी व्यासाच्या दहा पटींहून जास्त झाली की तो मध्ये धनुष्यासारखा वाकतो आणि पृष्ठभागावर पीळदार लाटा उठतात. टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा भाग) जास्त आवळल्याने वाक उलट वाढतो. ६०८ नंबरची दोन बेअरिंग मागच्या बाजूने टेकवा. पुढची बाजू पाटीला मोकळी राहते. जिथे बेअरिंग टेकतात तिथे लाकूड आधी गोल आणि गुळगुळीत करून घ्या, नाहीतर चौकोनाचे ठोके थेट इन्सर्टपर्यंत पोचतात.