ट्रेलरखालचे पॅड आणि ब्लॉक: घेण्याआधी एकदा पालथे करून बघा

कॅम्पिंग ट्रेलर उभा केला की आत कोणी नुसती कूस बदलली तरी सगळं हलतं, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि मग लोक लगेच जॅक (ट्रेलर उभा ठेवायला खाली टेकवायचे पाय) बदलायच्या मागे लागतात, जास्त भारीतले, इलेक्ट्रिक वगैरे. माझं मत वेगळं आहे. जॅक बहुतेक वेळा धड असतो, त्याच्या खालची जमीन दबत असते. म्हणून हा रिव्ह्यू फक्त जॅकच्या पायाखाली आणि चाकाखाली ठेवायच्या सामानाचा आहे: एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ब्लॉक, भरीव प्लास्टिकचे पॅड, रबरी पॅड, लाकूड, आणि ते गोलाकार लेव्हलर. हे सगळे प्रकार मी वापरलेत आणि काय घ्यावं याबद्दल माझं मत आता एकदम पक्कं आहे.

आधी थोडा हिशोब, कारण याच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. ट्रेलर २००० किलोचा धरा. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या जागी, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असं सर्वसाधारण धरतात (युरोपातल्या हलक्या कॅरॅव्हॅनला याहून कमी), म्हणजे ओढणारी गाडी सोडवली की पुढच्या जॅकवर २०० ते ३०० किलो येणार. मधला आकडा २५० घ्या. जॅकचा पाय १० बाय १० सेंटीमीटर असेल तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला अडीच किलो. तोच पाय ३० बाय ३० च्या न वाकणाऱ्या पॅडवर ठेवला की क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर होतं आणि दाब पाव किलोच्या जरासा वर, म्हणजे थेट नववा हिस्सा. ओल्या गवतावर, वाळूवर, कडक उन्हात मऊ पडलेल्या डांबरावर हाच फरक जॅक रुतणार की उभा राहणार ते ठरवतो. चिखलात फळी टाकून चालतो ना, तेच आहे हे.

आता त्या रंगीत ब्लॉककडे येऊ, कारण सगळ्यात जास्त खपतात तेच. कॅमको कंपनीचे पिवळे, लिंक्सचे केशरी, आणि त्यांच्यासारखे दिसणारे बाकीचे बरेच. एकावर एक बसतात, वजनाला हलके, पिशवीत मावतात, प्रत्येक थराला साधारण एक इंच उंची मिळते. चाकाखाली घालायला हे उत्तम आहेत, यात मला काही शंका नाही. पण एक ब्लॉक हातात घ्या आणि पालथा करा. आतून पोकळ, नुसत्या उभ्या-आडव्या पातळ पट्ट्यांची जाळी. आता तो खडीवर ठेवा, एखादा टोकदार खडा बरोब्बर त्या जाळीच्या घरात शिरतो, आणि सगळा भार दोन-तीन पट्ट्यांवर येतो, मग कट्ट आवाज येतो आणि कोपरा जातो. वरच्या बाजूलाही तीच गत, जोडायची बटणं वर आलेली असतात, टायर रबराचा असल्यामुळे त्यांच्यावर पसरून बसतो पण जॅकचा लोखंडी पाय मात्र त्या बटणांवर टेकून राहतो, सपाट बसतच नाही, जरा तिरका झाला की सगळा जोर एका कडेवर. यासाठी वरून लावायच्या सपाट टोप्या वेगळ्या मिळतात, जॅकखाली हेच ब्लॉक वापरणार असाल तर त्या घ्याच.

ब्लॉकवर किंवा पाकिटावर लिहिलेला टनांचा आकडा बघून लोक खूश होतात. तो आकडा खोटा नसतो, पण खाली सपाट कडक जमीन आणि वर पसरलेला भार असं धरून असतो, आपल्या साइटवर यातलं एकही नसतं बऱ्याचदा. म्हणून मी आकडा नंतर बघतो, आधी पालथा करतो. खालची बाजू भरीव आणि सपाट असेल तर पुढे बोलायचं.

आणि ऊन. हे ब्लॉक बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात, वर्षानुवर्षं उन्हात पडले की ठिसूळ होतात, कडाक्याच्या थंडीत तर आणखीच. वापरून झाले की आत ठेवा, ट्रेलरखाली सोडून देऊ नका.

माझी पहिली पसंती भरीव पॅडला. एचडीपीई म्हणतात ते प्लास्टिक, अख्खी जाड लादी, दोन-अडीच सेंटीमीटरची, खाली वर दोन्हीकडे सपाट. पाणी पीत नाही, सडत नाही, फुगत नाही, चिखल लागला तर पाणी मारलं की साफ. काळ्या रंगाचं घ्या, त्यात काजळी मिसळलेली असते ती उन्हापासून वाचवते. ३० बाय ३० चा अडीच सेंटीमीटर जाडीचा पॅड दोन किलोच्या थोडा वर जातो, म्हणजे उचलायला काही त्रास नाही. खडीवर ठेवला की खडे त्याच्या खाली दबून बसतात, पॅडला फक्त ओरखडे येतात. दोष एकच पण तो महत्त्वाचा: ओला झाला की गुळगुळीत होतो आणि लोखंडी पाय त्याच्यावरून सरकू शकतो. त्यामुळे वरून खडबडीत टेक्स्चर असलेला किंवा पायासाठी मधोमध खोलगट जागा केलेलाच घ्या, एकदम चकचकीत लादी घेऊ नका. दोरीचा कान असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पावसानंतर पॅड मातीला असा धरून बसतो की कडेला बोट घालायला फट राहत नाही, दोरी ओढली की सुटतो. पातळ घेऊ नका हेही सांगून ठेवतो, सेंटीमीटरभर जाडीचा पॅड मऊ जमिनीवर मधून खाली वाकतो, चारी कडा वर येतात आणि मग वर केलेला नवव्या हिश्श्याचा हिशोब कागदावरच राहतो.

रबरी पॅड काँक्रीटवर आणि पेव्हरवर झकास. पकड जबरदस्त, पाय सरकत नाही, फरशीला चरे पडत नाहीत, आवाजही कमी. ट्रेलर कायम पक्क्या जागेवरच लागत असेल तर डोळे झाकून घ्या. मऊ मातीत मात्र तोच वाकण्याचा प्रॉब्लेम, आणि वजन जास्त.

लाकूड स्वस्त असतं म्हणून लोक त्याला कमी लेखतात, मला ते पटत नाही. चांगली जाड फळी बऱ्याच पोकळ ब्लॉकपेक्षा भरवशाची, आणि लाकूड तुटायच्या आधी करकरतं, दबतं, इशारा देतं. फक्त रेषा बघून वापरा. लाकूड रेषेच्या दिशेने फाटतं, त्यामुळे पाय फळीच्या टोकाला न ठेवता मधोमध ठेवा आणि दोन थर रचायचे असतील तर वरच्या फळीच्या रेषा खालच्या फळीला आडव्या येतील असे रचा. त्याहून बरं म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे चिकटवून स्क्रू मारून केलेला पॅड, प्लायमध्ये थर आलटून पालटून आडवे असतात म्हणून तो सहजी फाटत नाही. कापलेल्या कडांना रंगाचे दोन-तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

भिंतीचे पोकळ सिमेंट ब्लॉक अजिबात नाही. ते सगळीकडून सारखा भार घ्यायला बनवलेले असतात, एका बिंदूवर जोर आला की काही न सांगता फुटतात, आणि तेव्हा तुमचा हात खाली असू शकतो. कोणी कितीही सांगितलं की चालतात, तरी नाही.

चाकाखालच्या गोलाकार लेव्हलरबद्दल थोडंसं. अँडरसन कंपनीचे प्रसिद्ध आहेत, केळ्यासारखा वाकडा तुकडा असतो, ट्रेलरचं चाक हळूहळू त्याच्यावर चढवायचं, हवी ती उंची आली की थांबायचं आणि मागून पाचर सरकवायची. एकेक थर मोजत बसावं लागत नाही, चार इंचापर्यंत कुठेही थांबता येतं, एकट्याने करायचं असेल तर खूप सोय. दोन ॲक्सल (चाकांच्या दोन जोड्या) असतील आणि दोन चाकांमध्ये जागा कमी असेल तर मागचं टोक कापावं लागू शकतं, आधी मोजून बघा. आणि ब्लॉक असो की लेव्हलर, टायरची अख्खी रुंदी त्याच्यावर बसलीच पाहिजे, अर्धा टायर बाहेर लटकत ठेवलात तर आतल्या तारांवर ताण येतो.

क्रम चुकला तर चांगलं सामानही वाया जातं. आधी डावं-उजवं चाकाखाली समान करायचं, मग चाकांना पुढून मागून चॉक (चाक गडगडू नये म्हणून लावायची पाचर), मगच गाडी सोडायची, मग पुढच्या जॅकने पुढे-मागे लेव्हल, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर, म्हणजे ट्रेलर डुलू नये म्हणून टेकवायचे पाय. स्टॅबिलायझर ट्रेलर उचलायला नसतात, वजन चाकांवरच राहतं, ते पॅडला टेकले की अर्धा-एक फेरा द्यायचा, बस. ड्रिल लावून घर्रर्र करत आणखी आवळलं की चासी (खालचा लोखंडी सांगाडा) पिळवटते आणि दरवाजा अडकायला लागतो, दरवाजा नीट लागतोय का ते बघणं हीच सगळ्यात सोपी टेस्ट. फ्रिज गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन टाइपचा असेल तर लेव्हल आणखी काटेकोर ठेवा, त्याच्यातला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, ट्रेलर फार कलता राहिला तर फ्रिज बिघडतो.

पुढे-मागे हलणं मात्र पॅडने थांबत नाही, ते काम चॉकचं. दोन ॲक्सल असतील तर दोन टायरच्या मध्ये घट्ट करायचा एक्स आकाराचा चॉक घ्या, त्याने पडणारा फरक पाय आत टाकल्याबरोबर कळतो. तो नेहमीच्या चॉकच्या जोडीला लावायचा, त्याच्याऐवजी नाही, आणि गार-गरम होऊन टायर बदलतो म्हणून अधूनमधून परत आवळायचा.

उंचीचं एक राहिलं. जॅक जितका जास्त बाहेर काढाल तितका तो डुगडुगतो, म्हणून खाली काहीतरी उंच ठेवून पाय आखूड ठेवणं बरोबर, पण एकावर एक असा अरुंद मनोरा केलात तर आता तो मनोरा डुलणार. खालचा थर वरच्यापेक्षा मोठा, नेहमी. माझं सेटिंग असं आहे की सगळ्यात खाली भरीव पॅड, उंची लागली तर त्याच्यावर पोकळ ब्लॉक, वर टोपी. पॅड खाली असल्यामुळे ब्लॉकच्या जाळीला सपाट कडक जागा मिळते आणि मग त्याच्यावर लिहिलेला टनांचा आकडाही खरा ठरतो.

नवीन घेणार असाल तर भरीव पॅड पाच घ्या, चार कोपऱ्यांना आणि एक पुढच्या जॅकला, पुढचा सगळ्यात जाड आणि मोठा. ब्लॉकचा एक दहाचा सेट चाकांना पुरतो बहुतेक, दोन ॲक्सल असतील तर दोन सेट. आणि साइटवर लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चारी पाय परत तपासा, रात्रीतून जमीन थोडी बसलेली असते, एखादा पॅड हाताने हलतोय असं दिसलं की तेवढाच अर्धा फेरा द्या.