जांभळ्या गालाचे भीमसेन: दोन दिवसांचं ॲक्रिलिक पोर्ट्रेट वर्कशॉप कसं होतं

मार्चमधे शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं वर्कशॉप केलं, पुण्यात कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली बरीच कुरकुर आहे आणि शिकवणारे सर माणूस म्हणून फार चांगले आहेत. फी ३,८०० रुपये, त्यात १६ बाय २० इंची कॅनव्हास, रंग, ब्रश आणि चहा, जेवण आपापलं. विषय एकच, आवडत्या गायक-वादकाचं रंगीत पोर्ट्रेट, 'बिनधास्त रंगात'.

माझ्या शेजारच्या काकूंनी किशोरीताई घेतल्या होत्या, एका कॉलेजच्या पोराने झाकीर हुसेन (उडालेले केस, त्याचं अर्धं काम केसांनीच केलं), दोघातिघांचे रहमान. मी भीमसेन जोशी. सवाई गंधर्व संगीत महोत्सव रमणबागेत रात्रभर चालायचा तेव्हा मी शाळेत होते, सतरंजीवर शाल घेऊन झोपलेली असायचे आणि बाबा पहाटे हलवून उठवायचे, ऊठ, अण्णा बसलेत. खरं सांगायचं तर त्या वयात गाणं काय कळत होतं, मला तो चेहराच आठवतो, तान घेताना डोळे गच्च मिटलेले, तोंड वाकडं, मान एकीकडे आणि हात भलतीकडे. फोटोही तसाच निवडला आणि तिथेच फसले, कारण पोर्ट्रेटमधे लोक आधी डोळे बघतात आणि माझ्याकडे डोळेच नाहीत, वर आ वासलेलं तोंड. सरांनी फोटो बघून नुसतं "बरं" म्हटलं. पुण्यात "बरं" म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये.

पहिला अख्खा दिवस रंगच नाही. मी इतकी वैतागले होते, पैसे रंगाचे भरलेत ना. पण आज विचाराल तर ३,८०० पैकी ३,००० त्या दिवसाचे. सरांनी सगळ्यांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून आणलेले. आधी कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा (लालसर तपकिरी) पाण्यासारखा पातळ हात मारायला लावला, कारण कोऱ्या पांढऱ्यावर कुठलाही रंग गडदच वाटतो आणि आपण घाबरून सगळं फिकट करत बसतो. मग डोळे बारीक करून फोटो बघायचा. बारीक केले की नाक, भुवया, सुरकुत्या सगळं विरघळतं आणि तीनच गोष्टी उरतात, उजेड, मधलं, सावली. तेवढेच तीन आकार एकाच तपकिरी रंगाच्या तीन छटांत भरायचे. नाक काढायचं नाही, नाकाची सावली काढायची. संध्याकाळी लांबून बघितलं तर ना डोळा ना ओठ, पण भीमसेन ओळखू येत होते, काकू पण म्हणाल्या, अगंबाई आलेच की!

दुसऱ्या दिवशी रंग. गालाला जांभळा, कपाळाला पिवळा, हनुवटीखाली हिरवट निळा असं लावूनही चेहरा चेहराच कसा राहतो हे मला कधी कळलं नव्हतं. गंमत एवढीच की रंग कुठलाही चालतो, त्याचा गडदपणा चुकला की संपलं. पिवळा मुळातच फिकट, त्याला सावलीत बसवायचा म्हणून काळा मिसळला की तो शेवाळी होतो, म्हणून सावलीला जांभळा किंवा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि उजेडाला पिवळा-केशरी. शंका आली की मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करायचा आणि मूळ प्रिंटशेजारी धरायचा. माझा एक कान त्यात दिव्यासारखा चमकत होता, कारण हौसेने गुलाबी केला होता. पांढराही जपून, प्रत्येक गोष्ट फिकट करायला टायटॅनियम व्हाइट ओतला की चेहऱ्यावर टाल्कम पावडर थापल्यासारखं दिसतं.

तोंडावर माझे दोन तास गेले. मी आपले पांढरे शुभ्र दात काढले, मधे मधे रेघा पण मारल्या. सर मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "मॅडम, ही टूथपेस्टची जाहिरात झाली." दात ओठांच्या सावलीत असतात त्यामुळे ते राखाडीच हवेत, सगळे मिळून एक पट्टा, रेघा नाहीत. आणि आतला अंधार काळा नाही, अल्ट्रामरीनमधे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोडा क्रिमझन (गडद लाल), म्हणजे तो अंधार गरम वाटतो, भोक पडल्यासारखा वाटत नाही. मग मिटलेल्या डोळ्यांचं टेन्शनच गेलं, भुवयांमधली एक आठी आणि ते तोंड एवढ्यावर चेहरा गायला लागला.

आता कुरकुर. १६ जण आणि सर एकटे, ते आपल्यापर्यंत येईस्तोवर आपण चूक करून, ती वाळवून मोकळे. वाळण्याचं म्हणाल तर ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की मागे प्लास्टिकचा थरच राहतो, परत पाण्याने सुटत नाही, आणि पुण्याच्या कोरड्या मार्चमधे डोक्यावर दोन पंखे गरगर फिरत असताना पॅलेटवरचा रंग मी मिक्स करेपर्यंत चिकट व्हायचा. यावरचा उपाय अगदी साधा, पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर ओला बटर पेपर आणि त्यावर रंग, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओले. हे कधी सांगितलं? रविवारी जेवणानंतर! तोवर अर्धी ट्यूब वाया आणि एक ब्रश लाकूड झालेला. अजून एक जे शनिवारीच सांगायला हवं होतं, हा रंग वाळल्यावर एक घर गडद होतो (ओला असताना त्यातला चीक दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो), त्यामुळे सकाळी मस्त जुळवलेला गाल चहा पिऊन येईपर्यंत काळवंडलेला.

आणि दिलेले रंग एकदम स्वस्तातले स्टुडंट ग्रेड. पिवळ्याचे तीन हात मारले तरी खालचा तपकिरी डोकावतोच. काकूंनी घरून आर्टिस्ट ग्रेडची कॅडमियम यलो आणली होती, एका हातात झाकलं, मी निर्लज्जपणे दोनदा मागून घेतली. तेव्हा जाणार असाल तर अप्पा बळवंत चौकात चक्कर मारून एक चांगला पिवळा, एक लाल आणि मोठा पांढरा एवढं तरी स्वतःचं घ्या, बाकीचे त्यांचे चालतात. ब्रश मात्र चांगले होते, रुंद सिंथेटिक, बारीक ब्रश सरांनी दिलाच नाही, मागितला तरी नाही. तेव्हा राग आला होता, पण बारीक ब्रश मिळाला असता तर मी पापण्या मोजत बसले असते.

पार्किंग नाही. गाडी लांब लावून चालत या, खालच्या बंगलेवाल्या आजोबांशी वाद घालू नका.

पाचपैकी चार. अजिबातच चित्रं काढली नसतील तर तितकीशी मजा येणार नाही, थोडंफार स्केचिंग येत असेल आणि रंगाची भीती वाटत असेल तर डोळे झाकून जा. हुबेहूब फोटोसारखं चित्र हवं असणाऱ्यांनी जाऊ नका, माझ्या मागचा एक माणूस शेवटपर्यंत 'स्किन कलर कुठाय' विचारत होता.

चित्र घरी आणून हॉलमधे टेकवून ठेवलं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, जांभळ्या गालाबद्दल चकार शब्द नाही. मग म्हणाले, "तोंड अगदी तेच. पण अण्णांचा हात कुठाय गं?" फोटोतला हात मीच कापला होता, कॅनव्हासवर मावत नव्हता म्हणून. आता मोठा कॅनव्हास आणलाय, तीन वेळा हात काढून झाला, तिन्ही वेळा केळ्याचा घड.